‘अफर्म’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ व उपयोग : खानदेशातील अध्यापन आणि व्यवहार यांच्या संदर्भात

प्रास्ताविक

एखादी गोष्ट खरी आहे असे सांगण्यासाठी इंग्रजी भाषेत क्रियापदांचे मोठे कुटुंब आहे. ‘से’ आणि ‘स्टेट’ ही त्यांतील साधी क्रियापदे होत. ‘क्लेम’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात शंकेला जागा राहते, ‘असर्ट’मध्ये बोलणाऱ्याचा आवेश दिसतो, ‘सर्टिफाय’ला अधिकारपद लागते आणि ‘अटेस्ट’ला साक्षीदार. प्रस्तुत लेखात या कुटुंबातील ‘अफर्म’ या क्रियापदाचा विचार केला असून ‘अव्हर’, ‘कन्फर्म’, ‘स्वेअर’ इत्यादी शेजारच्या शब्दांचा परामर्श आवश्यक तेवढाच घेतला आहे.

हाच शब्द निवडण्याचे कारण आपल्या महाविद्यालयांच्या प्रवेशखिडकीशी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगप्रतिबंधक विनियमांनुसार प्रत्येक विद्यार्थ्याने व त्याच्या पालकाने शपथपत्र द्यावे लागते. या शपथपत्राच्या इंग्रजी नमुन्यात विद्यार्थी आपले वर्तन कसे राहील हे ‘सॉलेम्नली अव्हर अँड अंडरटेक’ अशा शब्दांत सांगतो, आणि तळाशी शपथ देणारा अधिकारी नमूद करतो की मजकूर वाचल्यानंतर हे माझ्यासमोर ‘सॉलेम्नली अफर्म’ करण्यात आले. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील महाविद्यालयांत चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, साक्री या तालुक्यांतून येणारा विद्यार्थी घरी अहिराणी, लेवा गणबोली, पावरी, तडवी किंवा मावची बोलतो, शाळेत प्रमाण मराठी शिकतो आणि पदवीच्या उंबरठ्यावर इंग्रजीत सत्याची ग्वाही देतो. त्याने नेमके काय केले, हे त्याला सांगण्याची जबाबदारी भाषेच्या अध्यापकाची आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. शब्दकोशातील एका प्रतिशब्दाने ती पार पडत नाही.

व्युत्पत्ती आणि शब्दकुल

‘अफर्म’ हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेतून इंग्रजीत आला. त्याचे मूळ लॅटिन ‘अफिर्मारे’ हे क्रियापद असून ‘फिर्मुस’ म्हणजे दृढ, घट्ट. तेव्हा ‘अफर्म’ म्हणजे मुळात घट्ट करणे. ‘कन्फर्म’ हा त्याचाच सख्खा भाऊ. ‘अव्हर’चे कुळ निराळे आहे. त्यात ‘व्हेरुस’ म्हणजे सत्य हा शब्द आहे आणि ‘व्हेरिफाय’ही त्याच घरातला. ‘ॲफिडेव्हिट’मध्ये ‘फिदेस’ म्हणजे विश्वास आहे. गंमत अशी की आपण नाम म्हणून वापरतो तो ‘ॲफिडेव्हिट’ हा मध्ययुगीन लॅटिनमधील संपूर्ण क्रियापद आहे. ‘त्याने शपथेवर सांगितले आहे’ असा त्याचा अर्थ होतो. ‘अटेस्ट’ व ‘टेस्टिफाय’ यांत ‘टेस्टिस’ म्हणजे साक्षीदार आहे.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. सत्य, दृढता, विश्वास आणि साक्ष अशा चार वेगवेगळ्या कल्पनांतून सत्यकथनाची ही इंग्रजी क्रियापदे निघाली आहेत. ‘अफर्म’च्या पोटात ‘सत्य’ हा शब्द नाही, ‘दृढता’ आहे. बोललेली गोष्ट खरी ठरवणे हे त्याचे काम नव्हे. बोलणारा तिच्याशी घट्ट बांधला जातो, एवढेच तो शब्द सांगतो. पुढील विवेचन या भेदावर आधारलेले आहे.

मराठीतही असेच चित्र दिसते. ‘शपथ’ हा शब्द संस्कृत ‘शप्’ धातूपासून आला आहे, आणि ‘शाप’ही त्याच धातूचा. शपथ म्हणजे खोटे बोललो तर माझे अमुक होवो असा स्वतःलाच दिलेला सशर्त शाप होय. लहान मुले भांडण मिटल्यावर ‘शपथ सुटली’ म्हणून मोकळी होतात, तेव्हा हा जुना अर्थ त्यांच्या तोंडी जिवंत असतो. ‘आण’ हा शब्द ‘आज्ञा’ या संस्कृत शब्दाचा प्राकृतातून आलेला अवशेष आहे. राजाची आण म्हणजे राजाच्या नावाने घातलेले बंधन. अहिराणीत ‘ण’चा ‘न’ होऊन त्याचे ‘आन’ झाले आणि ‘तुनी आन’ हे खानदेशात रोज कानांवर पडते. ‘साक्ष’ या शब्दात ‘अक्ष’ म्हणजे डोळा आहे. ज्याने डोळ्यांनी पाहिले तो साक्षी. शाप, आज्ञा आणि डोळा ही मराठीची सत्यकथनाची मुळे आहेत. ‘फिर्मुस’ला नेमका जुळणारा घरगुती शब्द त्यांत नाही, आणि भाषांतराची अडचण येथूनच सुरू होते.

वाक्यरचना : होकार की बांधिलकी

आपल्या विद्यार्थ्याची या शब्दाशी पहिली भेट ‘अफर्मेटिव्ह सेंटेन्स’ या व्याकरणातील संज्ञेतून होते. वाक्यरूपांतराच्या प्रश्नात ‘अफर्मेटिव्ह’चे ‘निगेटिव्ह’ करायचे असते आणि मराठीत आपण त्यांना होकारार्थी व नकारार्थी वाक्ये म्हणतो. परिणामी ‘अफर्म’ म्हणजे ‘हो म्हणणे’ असा अर्थ त्याच्या मनात पक्का बसतो. तर्कशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनीही यास हातभार लावला आहे. मध्ययुगीन परंपरेत विधानांच्या चार प्रकारांना दिलेली अक्षरे ‘अफिर्मो’ आणि ‘नेगो’ या लॅटिन शब्दांतील स्वरांवरून घेतली गेली : पहिल्यातून ए व आय, दुसऱ्यातून ई व ओ.

हा अर्थ खोटा नाही, पण अपुरा आहे. ‘सदर जमीन माझ्या मालकीची नाही असे मी अफर्म करतो’ हे वाक्य पाहावे. त्यातील विधान नकारार्थी आहे, तरीही क्रियापद ‘अफर्म’च राहते. नकारसुद्धा अफर्म करता येतो. कारण विधानाचा आशय ही एक बाब आहे आणि त्या आशयाच्या पाठीशी बोलणाऱ्याने उभे राहणे ही दुसरी. जर्मन तर्कशास्त्रज्ञ गोटलोब फ्रेगे यांनी १८७९ साली आपल्या चिन्हलिपीत या दुसऱ्या गोष्टीसाठी स्वतंत्र खूण योजली होती, ती याच कारणाने. आशय केवळ मांडणे आणि तो खरा म्हणून पुढे ठेवणे यांतील अंतर त्यांना दाखवायचे होते.

जे. एल. ऑस्टिन यांच्या १९५५ सालच्या हार्वर्ड येथील व्याख्यानांतून, जी १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, या विचाराला भाषाव्यवहाराची बाजू मिळाली. काही क्रियापदे उच्चारणे म्हणजेच ती कृती करणे होय, हे त्यांचे प्रतिपादन आता सर्वपरिचित आहे. आपल्या वर्गांत त्याचा एक व्यावहारिक उपयोग होतो. इंग्रजी लिहिताना आपले विद्यार्थी ‘आय ॲम अफर्मिंग’ असे चालू वर्तमानकाळी रूप सर्रास वापरतात. ते का चुकते हे नियम पाठ करून कळत नाही. मराठीकडे बोट दाखवले की कळते. ‘मी शपथ घेतो’ म्हणताच शपथ घेतली जाते. ‘मी शपथ घेत आहे’ ही मात्र फोनवर दिलेली बातमी झाली. मराठी भाषकाला हा भेद उपजत ठाऊक असतो. तोच इंग्रजीत साध्या वर्तमानकाळाने साधला जातो.

‘अफर्म’नंतर बहुधा ‘दॅट’ने सुरू होणारे उपवाक्य येते किंवा हक्क, निष्ठा, मूल्य अशा अर्थाचे नाम येते. ज्याला सांगायचे त्याचा उल्लेख करायचा झाल्यास ‘टू’ लागतो. ‘कन्फर्म’शी होणारी गल्लत मात्र अर्थाची आहे. कन्फर्म करायला आधी कोणीतरी काही सांगितलेले असावे लागते. वृत्तपत्रीय मराठीतील ‘दुजोरा’ हा त्याला चपखल प्रतिशब्द आहे. दुजोरा नेहमी दुसऱ्याच्या म्हणण्याला दिला जातो. अफर्म करणारा स्वतःच्या म्हणण्याची जबाबदारी घेतो. वरिष्ठ न्यायालय कनिष्ठ न्यायालयाचा निर्णय ‘अफर्म’ करते त्या प्रयोगात हा भेद पुसट होतो आणि मराठीत आपण ‘निर्णय कायम केला’ म्हणतो. साहित्यसमीक्षेत जीवनाला ‘अफर्म’ करणारी कलाकृती असे म्हटले जाते; तेथे प्रतिशब्द ‘स्वीकार’ हा योग्य होय. हे अर्थ नोंदवून पुढे जाणे पुरेसे आहे.

शपथेला पर्याय : कायद्यातील वाटचाल

‘अफर्म’ला आजचे वजन आले ते धर्म आणि न्यायालय यांच्या संघर्षातून. सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये क्वेकर पंथीयांनी शपथ घेण्यास नकार दिला. त्यांचे म्हणणे असे की माणसाने हो ला हो व नाही ला नाही म्हणावे. शपथेवर वेगळे खरे बोलायचे तर एरवीचे बोलणे खोटे ठरते. तुरुंगवास व दंड सोसल्यावर शतकाच्या अखेरीस कायद्याने त्यांना शपथेऐवजी गांभीर्यपूर्वक कथन करण्याची मुभा दिली. १७८७ च्या अमेरिकन राज्यघटनेतही शपथेच्या शेजारी ‘अफर्म’ हा पर्याय ठेवण्यात आला. निरीश्वरवादी चार्ल्स ब्रॅडलॉ १८८० साली ब्रिटिश संसदेवर निवडून आले, तेव्हा त्यांच्या ‘अफर्म’ करण्याच्या मागणीवरून अनेक वर्षे वाद चालला. १८८८ च्या कायद्याने तो मिटला, आणि पुढच्याच वर्षी हे ब्रॅडलॉ मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला उपस्थित होते.

भारतातील वाटचाल याहून निराळी आहे, आणि इंग्रजी भाषेच्या अभ्यासकांकडून ती सहसा दुर्लक्षिली जाते. मराठेशाहीतील न्यायव्यवहारात कागद, भोगवटा व साक्षी यांनी निवाडा होत नसेल तेव्हा दिव्य केले जाई. रवादिव्यात उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढावा लागे आणि काही दिवसांनी हात तपासून खरेखोटे ठरवले जाई. बेलभंडार उचलून किंवा तुळस व गंगाजल हाती घेऊन सत्य सांगण्याचा प्रघातही होता. डॉ. वि. त्र्यं. गुणे यांच्या १९५३ सालच्या मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील इंग्रजी ग्रंथात या व्यवहाराचा सविस्तर अभ्यास आहे. त्याची अस्सल साधने महजर व निवाडपत्रांत आहेत. असे कागद गोळा करण्यात ज्यांनी आयुष्य वेचले ते इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ साली धुळ्यात निवर्तले, आणि त्यांच्या नावाने १९२७ मध्ये तेथे उभे राहिलेले संशोधन मंडळ आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. इंग्रजी व मराठी या दोन्ही विभागांच्या विद्यार्थ्यांनी तेथील दप्तरांकडे भाषेच्या अंगाने पाहावे अशी सूचना येथे जाता जाता करावीशी वाटते.

१८१८ मध्ये खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी धुळे येथून कारभार सुरू केला. नव्या न्यायालयांपुढे प्रश्न आला की हिंदू वा मुसलमान साक्षीदाराला शपथ कशी द्यायची. गंगाजलाची वा कुराणाची शपथ सक्तीने दिली जात असे आणि अनेकांना ती मानवत नसे. त्यामुळे न्यायदानात अडथळा येतो, असे कारण नमूद करून १८४० चा पाचवा अधिनियम झाला. हिंदू व मुसलमान साक्षीदारांनी शपथेऐवजी सर्वशक्तिमान ईश्वरासमक्ष गांभीर्यपूर्वक ‘अफर्म’ करावे असे त्याने ठरवले. १८७३ च्या शपथ अधिनियमाने तर हिंदू, मुसलमान आणि शपथेस हरकत असणारे यांच्यासाठी ‘अफर्मेशन’ हाच मार्ग ठेवला. शपथ उरली ती बाकीच्यांना. इंग्लंडमध्ये जो मार्ग मूठभर पंथीयांनी हट्टाने मिळवला, तो येथे बहुसंख्य साक्षीदारांना कायद्यानेच नेमून दिला, हा विरोधाभास विचार करण्यासारखा आहे. त्याच अधिनियमात विशेष शपथेचीही सोय होती. प्रतिपक्षाने अमुक देवळात मूर्तीला हात लावून सांगावे, मी ते मान्य करीन, असे एका पक्षाने म्हटल्यास आणि तशी शपथ घेतली गेल्यास ती साक्ष म्हणणाऱ्याविरुद्ध निर्णायक ठरे. गावाच्या पारावरची रीत अशी न्यायालयात काही काळ टिकून राहिली.

आज लागू आहे तो १९६९ चा शपथ अधिनियम. त्यात धर्मावरून भेद नाही. साक्षीदार ईश्वराच्या नावाने शपथ घेऊ शकतो अथवा ‘अफर्म’ करू शकतो. बारा वर्षांखालील मुलाला शपथेचा अर्थ कळत नसला, तरी खरे बोलण्याचे कर्तव्य कळत असेल तर त्याची साक्ष शपथेविना घेता येते. शपथ राहून गेली म्हणून साक्ष बाद होत नाही, आणि शपथ घेतली वा न घेतली तरी साक्ष देणाऱ्यावर सत्य सांगण्याचे बंधन आहेच. अधिनियमाच्या नमुन्यात कोणत्याही ग्रंथाचा उल्लेख नाही. चित्रपटातील साक्षीदार गीतेवर हात ठेवताना दिसतो, त्याचा उगम शोधायचाच असेल तर तो विधिग्रंथांत सापडणार नाही.

शिक्षेच्या दृष्टीने दोहोंत फरक नाही. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेत आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ‘शपथ’ या संज्ञेत ‘अफर्मेशन’ अंतर्भूत आहे. खोट्या साक्षीची व्याख्या नव्या संहितेच्या कलम २२७ मध्ये आणि शिक्षा कलम २२९ मध्ये आहे. न्यायिक कार्यवाहीत ती सात वर्षांपर्यंतच्या कारावासाची असू शकते.

प्रतिज्ञा, दृढकथन, सत्यप्रतिज्ञा

या शब्दाला मराठीत काय म्हणावे? संविधानाच्या मराठी पाठात, तिसऱ्या अनुसूचीत, ईश्वरसाक्ष शपथ घेण्याला पर्याय म्हणून ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’ अशी शब्दयोजना आहे. हिंदी पाठाने ‘प्रतिज्ञान’ स्वीकारले. मराठीचा ‘दृढकथन’ हा ‘फिर्मुस’ या मूळ अर्थाशी तंतोतंत जुळतो. भाषांतरकारांनी शब्दाचा गाभा अचूक पकडला यात शंका नाही. मात्र शपथविधीच्या मंचाबाहेर तो मराठी माणसाच्या तोंडी रुळला नाही.

व्यवहारात रुळला तो ‘प्रतिज्ञा’. ‘प्रतिज्ञापत्र’, ‘प्रतिज्ञालेख’ ही त्याचीच अपत्ये. त्यावर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा की प्रतिज्ञा भविष्याची असते. भीष्माने प्रतिज्ञा केली ती पुढे कसे वागायचे याची. शाळेच्या मैदानावर रोज म्हटली जाते ती प्रतिज्ञाही बव्हंशी संकल्पच आहे. उलट ‘ॲफिडेव्हिट’मध्ये जन्मतारीख, उत्पन्न, वारस अशा झालेल्या वा असलेल्या गोष्टी असतात. आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण तो प्रस्तुत लेखकाला मान्य नाही. न्यायदर्शनातील पंचावयवी अनुमानाचा पहिला अवयव ‘प्रतिज्ञा’ हाच आहे. पर्वतावर अग्नी आहे, हे जे सिद्ध करायचे ते विधान म्हणजे प्रतिज्ञा. धर्मशास्त्रातील व्यवहारप्रकरणात वादी जे लिहून देतो त्यालाही ‘प्रतिज्ञा’ म्हटले आहे, आणि मिताक्षरेत भाषा, प्रतिज्ञा व पक्ष हे शब्द समानार्थी मानले आहेत. शालेय भूमितीत आपण प्रमेयाखाली ‘पक्ष’, ‘साध्य’ व ‘सिद्धता’ लिहितो, ती याच परंपरेची शब्दकळा आहे. या अर्थाने प्रतिज्ञा म्हणजे पुराव्याची जबाबदारी स्वीकारून पुढे ठेवलेले विधान. ‘अफर्म’च्या कायदेशीर अर्थाच्या इतका जवळचा शब्द दुसरा सापडणे कठीण.

याहूनही जिवंत प्रयोग दस्तलेखकांच्या मराठीत आहे. तहसील कार्यालयाच्या आवारात किंवा सेतू केंद्रावर तयार होणाऱ्या कागदावर ‘मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की’ असे शब्द असतात. त्यातील ‘लिहून देतो’ हे संयुक्त क्रियापद लक्षात घेण्याजोगे आहे. ‘लिहितो’ आणि ‘लिहून देतो’ यांत अंतर आहे. ‘देतो’ म्हटले की ती वस्तू आपल्या हातून सुटून दुसऱ्याच्या हाती जाते आणि परत घेता येत नाही. ऑस्टिन यांनी ज्या कृतिशीलतेचा विचार केला, ती या सहायक क्रियापदात पूर्वीपासून मुरलेली आहे. विद्यार्थ्यांना ‘अफर्म’ समजावून देताना होकारापेक्षा ‘लिहून देणे’ या प्रयोगापासून सुरुवात करणे अधिक फलदायी ठरते.

प्रारंभी उल्लेखिलेल्या रॅगिंगविरोधी शपथपत्राकडे या प्रकाशात पुन्हा पाहता येते. तेथे विद्यार्थी ‘अव्हर’ करतो ते भविष्यातील वर्तन : मी अमुक करणार नाही. ‘अव्हर’च्या पोटात ‘व्हेरुस’ असल्यामुळे जे अजून घडलेच नाही त्याला हे क्रियापद एकटे पेलत नाही. म्हणून जोडीला ‘अंडरटेक’ म्हणजे हमी घेणे आले आहे. मराठी रूपांतरात ‘सत्यप्रतिज्ञेवर नमूद करतो’ आणि ‘हमी देतो’ अशी दोन क्रियापदे राखली पाहिजेत. पहिल्याचा भंग म्हणजे खोटे बोलणे, दुसऱ्याचा भंग म्हणजे वचन मोडणे. दोन्ही अपराध असतील, पण एकच नव्हेत. अठरा वर्षांच्या मुलाला हा फरक कळण्याचा हक्क आहे.

माहिती आणि समजूत

शपथपत्राच्या अखेरीस ‘वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरा व बरोबर आहे’ असे वाक्य असते. ते इतके सवयीचे झाले आहे की कोणी वाचत नाही. वस्तुतः सर्व अर्थ त्यात साठला आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १९, नियम ३ नुसार शपथपत्रात स्वतःच्या ज्ञानाने सिद्ध करता येतील अशाच गोष्टी असाव्यात. अंतरिम अर्जांत समजूत चालते, पण तिचा आधार सांगावा लागतो. सर्वोच्च न्यायालयानेही नंबियार विरुद्ध भारत संघ या प्रकरणात सत्यापन नीट नसलेल्या शपथपत्रांवर विसंबता येत नाही असे म्हटले आहे. कोणता परिच्छेद स्वतःच्या माहितीचा आणि कोणता दुसऱ्याकडून कळलेला, हे वेगळे दाखवावे लागते. भाषेच्या परिभाषेत सांगायचे तर ‘अफर्म’ हे क्रियापद ‘मला ठाऊक आहे’ आणि ‘मला वाटते’ या दोन्हींवर बसते. मात्र कशावर बसले आहे ते बोलणाऱ्याने सांगायचे असते. समजूतसुद्धा खोटी सांगता येते. जे आपल्याला वाटत नाही ते वाटते म्हणून सांगणे हीदेखील खोटी साक्षच आहे, असे दंडविधानाच्या स्पष्टीकरणात म्हटलेले आहे.

महाराष्ट्र शासनाने २०१५ साली अनेक दाखल्यांसाठी शपथपत्राऐवजी स्वयंघोषणापत्र आणि साक्षांकित प्रतीऐवजी स्वयंसाक्षांकित प्रत स्वीकारण्याचा निर्णय घेतला. नागरिकाची खेप वाचली, खर्च वाचला; हे स्वागतार्हच होय. परंतु ‘स्वयंसाक्षांकित’ हा शब्द जरा थांबून पाहावा. साक्षी म्हणजे दुसऱ्याचा डोळा. तो दुसरा गेला आणि पाहणारा, सांगणारा व लिहून देणारा एकच झाला. क्वेकरांना जे हवे होते ते एका अर्थी आपल्या सेतू केंद्रावर साध्य झाले आहे. फरक इतकाच की त्यांना आपण काय बोलतो ते पुरते ठाऊक होते.

खानदेशी बोली आणि कागदाची मराठी

अहिराणी बोलणारा ‘मी खरं सांगस’ असे म्हणतो. त्या वाक्यात सत्य आहे, बोलणारा आहे आणि कृतीही आहे. ते कागदावर येताना ‘मी सत्यप्रतिज्ञेवर कथन करतो की’ असे होते, आणि वरिष्ठ न्यायालयासाठी त्याचे इंग्रजीत ‘आय सॉलेम्नली अफर्म’ होते. बोलणारा तोच राहतो. पण दुसऱ्या पायरीवर वाक्य त्याच्या कानाला परके होते आणि तिसऱ्या पायरीवर अगम्य. पावरी वा भिली बोलणाऱ्याच्या बाबतीत पहिलीच पायरी उंच असते.

कायद्याला ही अडचण ठाऊक आहे. महाराष्ट्रात १९९८ पासून जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरली. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३१३ मध्ये, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २७८ मध्ये, फौजदारी खटल्यात नोंदलेली साक्ष साक्षीदाराला वाचून दाखवावी, आणि ती त्याला न समजणाऱ्या भाषेत असेल तर समजणाऱ्या भाषेत सांगावी अशी तरतूद आहे. निरक्षर व्यक्तीच्या शपथपत्रावरही मजकूर वाचून दाखवला व समजावून सांगितला अशी नोंद लागते. ‘अफर्म’ या क्रियापदाचा विचार करता ही नोंद औपचारिक राहत नाही. ज्याला मजकूर कळला नाही त्याच्या अंगठ्याने कागद दृढ होतो, कथन दृढ होत नाही.

सातपुड्याच्या पायथ्याशी याचे वजन फार आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा करणाऱ्याला १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन आपल्या ताब्यात असल्याचे दाखवावे लागते. अनेकांकडे दंडाची पावती नसते, नकाशा नसतो. म्हणून २००८ च्या नियमांतील नियम १३ मध्ये पुराव्यांच्या यादीत, दावेदार सोडून अन्य ज्येष्ठ व्यक्तींचे लेखी उतरवून घेतलेले कथन समाविष्ट करण्यात आले. चोपडा, यावल वा शिरपूर तालुक्यातील पाड्यावरचा वृद्ध आपल्या बोलीत सांगतो की हा माणूस ही जमीन कसताना मी पाहिला आहे, त्याचा बाप कसत होता तेही पाहिले आहे. लिहिणारा बहुधा महाविद्यालयात शिकलेला पाड्यावरचाच तरुण असतो. तो लिहितो, ‘सदर दावेदाराचा सदर जमिनीवर पूर्वापार कब्जा आहे हे मी सत्यप्रतिज्ञेवर नमूद करतो.’ या रूपांतरात ‘पाहिले’ हे क्रियापद गळाले. डोळ्यांची साक्ष होती, तिची केवळ समजूत झाली, आणि पुराव्याचे बळ जेथे होते नेमके तेथेच कमी झाले. नियमाने कथन लेखी उतरवून घ्यायला सांगितले आहे. ते भारदस्त करायला सांगितलेले नाही. त्या वृद्धाने कोणत्या पावसाळ्यात, कोणत्या बांधावर, कोणते पीक पाहिले हे त्याच्याच शब्दक्रमात, ‘मी पाहिले’ हे क्रियापद राखून लिहावे, मग खाली तारीख घालून त्याला त्याच्या बोलीत वाचून दाखवावे आणि त्याने मान हलवल्यावरच अंगठा घ्यावा. पदवीच्या द्वितीय वर्षाच्या भाषांतर-अभ्यासात अशा एका कथनाचा समावेश करायला अभ्यासक्रमाची अडचण येत नाही. पाड्यावरून आलेले विद्यार्थी वर्गात बसलेलेच आहेत.